अलिबागचं मुरूडला पोचवताना

प्रज्ञाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी अलिबागच्या आमच्या डायलिसिस केंद्रात सकाळच्या पेशंटची वजनं संगणकात भरत होते. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा होता. पंपाचं बटण दाबायला परसात गेल्या आणि तिथेच खाली बसल्या, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, असं तो म्हणाला. मी 'बरं' म्हणाले. पुढचे काका काट्यावर उभे होते, त्यांचं वजन भरलं, त्यानंतरच्या बाईंचंही भरलं, आणि मग मला उठता येईना. दुपारी नागावला त्यांच्या घरी गेले. त्यांची आई ओट्यावर बसली होती. माझा हात धरून म्हणाली, "माझी पोर कदी एका जागी बसली न्हाय गं. आज बसली ती बसलीच..."

खरंच होतं ते. शेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ताईंना निवांत बसलेलं कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही. वडील प्राथमिक शिक्षक, घरात शिक्षणाचं वेड, त्यातून ही मुलगी संगणकाकडे गेली. मुंबईतली नोकरी सोडून आईसाठी गावी परतली आणि आमच्या संस्थेत लागली. संस्थेची केंद्रं दोन, अलिबाग आणि मुरूड, पण सगळ्या नोंदी अलिबागच्या एकाच संगणकात. वादळात तो चार दिवस बंद पडला, तेव्हा मुरूडच्या पेशंटचं कोरडं वजन, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं, किती, रक्त पातळ करायचं औषध कुणाला किती, हे सांगणारा एकही कागद तिथे नव्हता. तेव्हापासून ताईंच्या डोक्यात एकच विषय. अलिबागला जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी मुरूडच्या दुसऱ्या संगणकात उमटलं पाहिजे. याला रेप्लिकेशन म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. मी तोवर नुसती स्वागतकक्षात बसणारी मंगल होते.

दोन केंद्रांमधली इंटरनेटची लाइन इतकी कमजोर की सगळी माहिती तारेवरून पाठवणं शक्य नव्हतं. मग ताईंनी एका डिस्कवर पूर्ण नक्कल घेतली आणि ती मांडीवर ठेवून एसटीने मुरूडला गेल्या. इकडे काम चालूच राहणार होतं, म्हणून निघताना मला पडद्यावरचा एक आकडा कागदावर उतरवायला लावला. "आपण नोंदींच्या कुठल्या ओळीपर्यंत आलो होतो त्याची ही खूण. तिथून पुढचं मुरूड स्वतः मागून घेईल. आकडा चुकला तर सगळं चुकलं." तिथे पोचल्यावर फोनवर मी एकेक अंक वाचला, त्यांनी एकेक अंक परत म्हणून दाखवला. मुरूड किती सेकंद मागे आहे ते त्यांच्या पडद्यावर दिसत होतं. नऊ हजार, चार हजार, सहाशे... शून्य झालं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आता जरा चहा घेते." पण मागून त्यांच्या फेऱ्या मारण्याचा आवाज येतच होता.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच खरं तर हा लेख. तोवर ताईंनी मला नोंदी सांभाळायला शिकवलं होतं. दुबार पडलेली नावं काढताना एका दुपारी मी चुकीची आज्ञा दिली आणि सगळ्या पेशंटच्या वजनांच्या आणि औषधांच्या नोंदी पुसल्या गेल्या. अडीच वाजले होते, चार वाजता पुढची पाळी येणार होती. मी ताईंना म्हणाले, "मुरूडला असेल ना?" त्या म्हणाल्या, "लिहिलेलं जसं जातं तसं पुसलेलंही जातं, मंगल. तिकडेही आता काही नाही." मग त्यांनी कपाटातून पहाटेची वेगळी ठेवलेली नक्कल काढली. तेवढं परत आलं. पहाटेनंतरचं मात्र खाटांना लावलेल्या कागदांवरून दोघींनी पुन्हा भरलं. चारला पाच मिनिटं कमी असताना काम संपलं.  सगळा वेळ त्या उभ्यानेच टंकत होत्या.

संस्थेच्या बैठकीत ताईंनी सांगितलं, "चूक माझी." मी दाराशीच बसले होते. तिथून पुढे त्यांच्या प्रत्येक कामाला बाहेरच्या सल्लागाराची सही लागू लागली. त्यांच्याच हाताखाली शिकायला शोभेल अशा माणसाकडून त्या सह्या घेत राहिल्या. मी एकदा विचारलं, असं का केलंत? "तुला पुसायचा अधिकार दिला कुणी? मीच ना? मग चूक कुणाची?" मला नोकरीत कायम करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात वर गेला होता, हे त्यांना ठाऊक होतं. त्या खरं बोलत होत्या की मला वाचवत होत्या, हे मला आजही कळत नाही. मी तेव्हा बोलायला हवं होतं. नंतरही कितीतरी वेळा बोलता आलं असतं. बोलले नाही.

त्या गेल्यानंतर सहा आठवड्यांनी मी अलिबागहून मुरूडचा संगणक पडद्यावर उघडला. तो नऊ दिवस मागे थांबला होता. तिथली वीज गेली होती, यंत्र परत सुरू झालं, पण नोंदी मागून घेण्याची अलिबागशी जोडणी झालीच नव्हती. ताई रोज सकाळी आधी ते बघायच्या. मला ते बघायचं सुचलंही नव्हतं. मधल्या ओळी अलिबागच्या संगणकाने जागा रिकामी करताना टाकून दिलेल्या, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. मी पूर्ण नक्कल घेतली, आकडा लिहिला, दोनदा ताडला आणि डिस्क घेऊन एसटीत बसले, काशीदच्या चढावर ती छातीशी धरली. मुरूडला सगळं जोडून शून्य यायला संध्याकाळचे पाच वाजले.

मग अलिबागचा संगणक मुद्दाम बंद करायला लावला आणि केंद्र मुरूडच्या नकलेवर चालवून पाहिलं. पडदा सगळं बरोबर दाखवत होता, तरी मला चैन पडेना. आगरदांड्याचे हसनचाचा खाटेवर होते. मी जवळ जाऊन विचारलं, "चाचा, मंगळवारी अलिबागला गेला होतात ना? तिथे वजन किती भरलं?"

"अठ्ठावन्न, वर चारशे ग्राम." चाचा म्हणाले. "तुमची ती मॅडम पण असंच विचारायची, बेटी. मशीनसमोर बसायची न्हाय, पहिली माझ्यापाशी यायची. मी बोललो, तुझ्या काम्पुटरमदी हाय ना सगळं? तर बोलली, काम्पुटर काय बोलतो ते मला ठाऊक हाय, तुम्ही बोला."

हे मला ठाऊक नव्हतं. मी परत पडद्याकडे गेले. अठ्ठावन्न पूर्णांक चार. पलीकडच्या खाटेवर एक बाई होत्या. मी त्यांच्याकडे गेले, मग त्यांच्या पुढच्या खाटेकडे...