आण्णांनी व्याह्यांना विचारलेले तीन प्रश्न

माझ्या बापानं माझ्या सासऱ्यांना खासदारकीला पाडलं.

बेल्ह्याच्या भर बाजारात, सगळ्यांसमोर, तीन प्रश्न विचारून.

आज सकाळी त्याच बापाची दशक्रिया झाली. डोळे सुजलेत, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

आमचे आण्णा आठवी पास. थोडी कांद्याची शेती आणि एक जुना मोबाईल. त्यावर रोज सकाळी दुबईच्या एका व्यापाऱ्याशी मोडक्या हिंदीत गप्पा. कोलंबोला माल पोचला का, ढाक्यात कुणाचं सरकार येतंय, आपलं त्यांच्याशी बरं चाललंय का.

आई वैतागायची. "आवं, ढाक्याचं काय घेऊन बसलाय? चहा निवला!"

"तिकडं बिनसलं की हिकडं बराखीत साठवलेला कांदा सडतो. म्हणून इचारतो."

मी पॉलिटिकल सायन्स घेऊन बी.ए. झाले. परराष्ट्र धोरण मात्र मला घरच्या ओट्यावर कळलं.

आण्णांनी आणि आळेफाट्याचे व्यापारी पारसशेठ यांनी मिळून कांदावाल्यांचा दबावगट काढला. ऑफिस नाही, बोर्ड नाही, पक्ष तर नाहीच. पारसशेठ इंग्रजी नोटिफिकेशन वाचून सांगणार, आण्णा पत्रं लिहिणार. खासदारांना, मंत्र्यांना, बाहेरच्या देशांच्या दिल्लीतल्या वकिलातींना. सगळी मराठीत! मी पोट धरून हसायचे.

एक दिवस एका वकिलातीचं उत्तर आलं. आण्णांनी ते लॅमिनेट करून आणलं. माझं हसू बंद.

दिल्लीत एका साहेबानं विचारलं, "कौनसी पार्टी से हो?"

"प्याजवाली," आण्णा म्हणाले.

निवडणूक आली की गटाची पद्धत ठरलेली. प्रत्येक उमेदवारानं बाजाराच्या दिवशी बेल्ह्याला यायचं. हार नाही, माईक नाही, बसायला कांद्याची गोणी. आण्णा तीन प्रश्न विचारणार, आणि कुणाला मत द्यायचं ते गट तिथंच सांगणार. गावंच्या गावं ऐकायची. फसवाफसवी नको म्हणून प्रश्न आधीच सगळ्यांना पाकिटातून जायचे.

त्या वर्षी उभे राहिले आबा. पारगावचे माझे सासरे. देवमाणूस, पण अभ्यासाचा कंटाळा.

मी आण्णांना फोन केला. "आण्णा, आबांना जरा सांभाळून घ्या. मला त्या घरात नांदायचंय."

"बाय, सगळ्यात आधी त्यांनाच पाकीट धाडलंय. तेवढं वाचून या म्हणावं."

आता काय झालं ते ऐका. कुठलाही कागद घराबाहेर पाठवताना त्याला हळदीकुंकवाचं बोट लावायचं, ही आण्णांची सवय. आबांना वाटलं, व्याह्यांकडे कार्य आहे, त्याचं आमंत्रण. इलेक्शन झाल्यावर सवडीनं बघू म्हणून त्यांनी ते पाकीट न फोडता मानानं देव्हाऱ्यात ठेवून दिलं!

मी विचारलं तेव्हा आबा 'पाकीट मिळालं' एवढंच म्हणाले, म्हणून मला याचा पत्ताच नाही.

बाजारात आबा गोणीवर बसले. मी गर्दीत उभी.

"पावणं, कांद्याची निर्यात कोणतं खातं बंद करतं?"

"कृषी खातं."

मागून कुणीतरी च्यक् केलं. वाणिज्य खातं हे बेल्ह्यात शेंबडं पोर सांगेल.

"गेल्या बंदीत आपली गिऱ्हाईकं कोणत्या देशाकडं गेली?"

"ते विचारून सांगतो."

"पक्षानं गप बसा म्हटलं, तरी दिल्लीत आमच्या बाजूनं उभं ऱ्हाणार का?"

"पक्षाशी बोलून बघू."

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. चांगलं रोखून पाहिलं. मग गर्दीकडं वळले.

"व्याही हायेत माझे. माणूस लई चांगला. पण आपलं मत ह्यांना न्हाई."

आबा पडले.

त्या दिवाळीला मला माहेरी पाठवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "ज्यांनी आमची अब्रू घालवली, त्यांच्या दारात आमची सून जायची नाय."

मीही फोनवर आण्णांवर ओरडले, "कांदा मोठा का लेक?"



"लेक मोठी. पण ती माणसं माझ्या शब्दावर मत देत्यात गं. त्यांना खोटं कसं सांगू?"

मी फोन कापला. पुढच्या दिवाळीलाही गेले नाही. मलाच जायचं नव्हतं, खरं सांगते.

मग पुन्हा निर्यातबंदी आली. त्याच दिवसांत देव्हारा आवरताना सासूबाईंना ते पाकीट सापडलं. आबांनी फोडलं, वाचलं, आणि दिवसभर ते तीन प्रश्न घेऊन बसले.

पुढच्या बाजाराला मला म्हणाले, "चल, बेल्ह्याला जायचंय."

तिथं स्वतःहून गोणीवर बसले.

"पावणं, इचारा आता."

आण्णांनी तेच तीन प्रश्न विचारले. पहिली दोन उत्तरं तोंडपाठ. तिसऱ्याला आबा म्हणाले, "तुमच्या बाजूनं उभा ऱ्हातो. पक्षाला तसं सांगूनच आलोय."

आण्णांनी त्यांना उठवून मिठी मारली. मी भर बाजारात हमसून हमसून रडले.

त्यानंतर दोघं व्याही कितीदा दिल्लीला गेले, त्याला हिशेब नाही. बंदी उठली तेव्हा आण्णांनी आम्हाला साधे फटाकेसुद्धा वाजवू दिले नाहीत. "आपल्यामुळंच उठली कशावरून? पुढची येऊ नये म्हणून पत्र लिहा."

एवढा मोठा माणूस आमच्या घरात लुंगी लावून फिरत होता, राव. अजून विश्वास बसत नाही.

आज घाटावर नेहमीसारखी पुढाऱ्यांची भाषणं झाली. शेवटी आबांनी माईक घेतला.

"ह्या माणसानं मला पाडलं. परत चुकलो असतो तर परत पाडलं असतं. पोटची लेक माझ्या घरात हाय, हे ठाऊक असताना. एवढी छाती माझ्यात न्हाई."

एवढं बोलून त्यांनी माईक खाली ठेवला.

मी सासरी जायला बॅग भरत होते, तर दारात आबा.

"लगेच निघू नकोस, पोरी. आईपाशी ऱ्हा. दोन दिवाळ्यांचं माहेरपण आमीच अडवलं व्हतं तुझं."

आण्णा, मी थांबलेय घरी.

तुमच्या लेकीचा तुम्हाला साष्टांग नमस्कार.