शिंगणापूरच्या मिस्तरीची कुलपाची पेटी

शिंगणापूरच्या कानिफमिस्तरीनं चाळिशी ओलांडली, पण तोवर एकदाही कुलूप म्हणून लावलं नव्हतं. यात त्याचा काही मोठेपणा नाही. गावात घरांना दारंच नाहीत, तर बिचारा कुलूप अडकवणार कशाला? चौकटीला पडदा, फार तर कुत्रं शिरू नये म्हणून आडवी फळी. बाकी सगळा कारभार शनिदेवाकडं.

मिस्तरी विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा. कुणाचं इंजिन बसलं की फटफटीवर बसून जायचा, इंजिनाला कान लावायचा, आधी मालकाला पोटभर बोलायचा आणि मग इंजिन चालू करून द्यायचा. नटबोल्ट त्याच्याशी बोलायचे म्हणा ना. पण कुलूप म्हटलं की त्याला ते पोरांचं खेळणं वाटायचं.

बायको मात्र श्रीरामपूरची. रतनबाई. तिचा बाप आडतीच्या गोदामावर राखणदार, त्यामुळं त्या घरात लोणच्याची बरणीसुद्धा कुलपात राहायची. लग्नात ती पत्र्याची ट्रंक घेऊन आली, ट्रंकेला हे एवढं पितळी कुलूप आणि कमरेला किल्ली. सासूनं कुलपाकडं पाहिलं आणि विचारलं, "ह्ये कुनासाठी गं? आमच्यासाठी का देवासाठी?"

बास, एवढंच. रतनबाईनं कुलूप काढलं. किल्ली पुढं कुठंशी गेली. कुलूप चुलीपाशी शेंगा फोडायच्या कामाला लागलं आणि तिथंच म्हातारं झालं. पण बाईचा हात अधूनमधून कमरेला जायचा, किल्ली चाचपायला. मिस्तरीला वाटायचं, हिची कंबर दुखते.

दुष्काळाच्या पुढल्या साली त्यांच्या लेकीला, चांगुणेला, दुसरं मूल झालं. पहिलं माहेरी झालं होतं, हे सासरी, संगमनेरजवळच्या मळ्यात. बारशाला आईनं बाळंतविडा घेऊन जायचा. कुंची, अंगडी-टोपडी, जुन्या लुगड्यांची मऊसूत दुपटी, डिंकाचे लाडू, लेकीला लुगडं. रतनबाईनं कुंचीला लाल गोंडे लावले, उसवले, परत लावले. तुम्ही म्हणाल, एवढी काळजी कशाची? तर विहीणबाईंची.

विहीण गोजरबाई. आदल्या साली चांगुणेच्या नणंदेचं लग्न होतं. मिस्तरी आणि रतनबाई फटफटीवर आहेर घेऊन निघाले. गाठोडं मागं ट्यूबच्या पट्ट्यानं आवळलेलं. लोणीच्या पुढं दुष्काळी कामाची नुसती खडी टाकलेली होती, तिथं गाठोडं कुठं उतरलं ते दोघांनाही कळलं नाही. मांडवात पोचले ते हात हलवत. गोजरबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. त्या नंतर बोलल्या, आणि मग बोलतच राहिल्या. रतनबाईनं हळदीकुंकवाचं बोट पुढं केलं तरी म्हणायच्या, "आलं का नीट? वाटंत न्हाई ना पडलं?"

म्हणून रतनबाईनं यावेळी स्पष्ट सांगितलं. "यष्टीनं जायाचं."

"घरात फटफटी असून यष्टीनं?" मिस्तरी म्हणाला. "लोक म्हनत्याल, मिस्तरीची सवताची गाडी बंद पडली. उद्या कोन बोलावील मला?"

"मग बाळंतविडा कुलपात न्यायचा. गाठोडं न्हाई, पट्टा न्हाई. कुलूप पायजे."

मिस्तरीनं फटफटीची मागली बैठक वितीनं मोजली. मग म्हणाला, "बघतो."

आधी त्यानं कुलपाशिवाय बघितलं. रंभाजी मेंढक्याकडनं पडशी आणली, दोन बाजूंना दोन खण असलेली. ती गाडीवर टाकली, खणांत गोधड्या कोंबल्या, रतनबाईला मागं बसवलं आणि सोनईपर्यंत जाऊन बघायचं ठरलं. आता बाईमाणूस बसणार एका अंगावर, दोन्ही पाय डावीकडं. म्हणजे डावा खण तिच्या पायाखाली. उजवा खण सायलेन्सरवर. अर्ध्या वाटेत मिस्तरी म्हणाला, "कुनाच्या तरी रानात कायतरी जळतंय."

"आपलीच गोधडी हाय," रतनबाई म्हणाली.

पडशी रंभाजीला ठिगळ लावून परत केली. रंभाजी म्हणाला, "मेंढ्यांना सायलेनसर नसतू, मिस्तरी."

मग रतनबाईच्या लग्नातली ट्रंक बांधून पाहिली. खड्डा आला की ट्रंक बरगडीत, खड्डा आला की ट्रंक बरगडीत. घरी आल्यावर रतनबाई अंगाला तेल लावत म्हणाली, "वरवंट्यानं ठेचल्यागत झालंय. अन् तिचं कुलूप शेंगा फोडतंय तिकडं."

शेवटी मिस्तरी नगरला गेला. भिंगारला पलटणीचं मोडीत काढलेलं सामान विकणारा एक जण होता. तिथं त्याला पेटी सापडली. हिरवी, जाड पत्र्याची, झाकणाला आतून रबर, पावसाचा थेंब शिरायचा नाही. आणि झाकणातच कुलूप. दाबलं की खटका बसतो, किल्लीशिवाय उघडत नाही. दुकानदारानं दाबून दाखवलं, किल्लीनं उघडून दाखवलं. "समजलं ना?" त्यानं विचारलं. मिस्तरी म्हणाला, "मी इंजिनं खोलतो." म्हणजे न समजण्यासारखं काय आहे, असा अर्थ.

एक किल्ली होती, जोडीची हरवली होती. बिजागऱ्या मात्र गंजून गेलेल्या.

मिस्तरीनं पेटी घरी आणून जीव ओतला. फटफटीच्या मागं लोखंडी पट्ट्यांची बैठक केली. पेटीचे बोल्ट खालून वर घालून नट आतल्या बाजूनं आवळले, म्हणजे पेटी बंद असली की चोरालाही सोडवता येऊ नये. नव्या बिजागऱ्या मागच्या अंगाला, बाहेरून, छान चमकतील अशा लावल्या. दार नसलेल्या घरात जन्मलेला माणूस. बिजागरी आत असावी का बाहेर, हे त्याला कुणी सांगावं? रतनबाईनं पेटीला अंग टेकून बसून बघितलं. अंगाला चांगला आधार होता. ती लवकर उतरलीच नाही.

संध्याकाळी आप्पासाहेब आले. गावातले जाणते, मिस्तरीचे चुलते. पेटीभोवती फिरले.

"ह्ये भोक कशाचं?"

"किल्लीचं, आप्पा."

"किल्ली कशाला?"

"कुलूप हाय त्यात."

आप्पासाहेबांनी टोपी काढून परत घातली. "आपल्या गावात?"

"गावात न्हाई लावायचं. संगमनेरला जायाचंय. शीव ओलांडली की लावीन. येताना शिवेवर काढीन."

आप्पासाहेबांनी बराच विचार केला. "शिवेच्या पलीकडं तुजं तू बघ. पर गावात झाकनसुद्दा दाबून ठिवू नकोस. काडी घाल मधी."

तर झाकणात बाभळीची काडी घातली. पेटी रात्रभर तोंड किंचित उघडं ठेवून उभी राहिली.

निघायच्या दिवशी रतनबाईनं बाळंतविडा पेटीत रचला. तळाला लाडूंचा डबा, वर लुगडं, दुपटी, सगळ्यात वर कुंची, गोंडे मोडू नयेत म्हणून. मिस्तरी हत्यारांची थैली ठेवायला आला तर तिनं ती बाहेर काढली. "तेलाचा डाग पडला कुंचीला, तर विहीणबाई काय म्हनत्याल?" हत्यारं घरी राहिली. मिस्तरी बिनहत्याराचा म्हणजे हात कापल्यासारखाच.

शीव आली. मिस्तरीनं गाडी उभी केली, काडी काढली. हातात किल्ली.

"किल्ली नीट ठिवा," मागून रतनबाई म्हणाली. तिचा हात कमरेला गेला होता. मागावी का, असं तिच्या मनात आलं होतं. पण शिंगणापूरच्या शिवेवर किल्ली मागायची म्हणजे सासू वरून ऐकणार. तिनं हात काढून घेतला.

मिस्तरीनं सदऱ्याचा खिसा चाचपला. पान्यांनी फाटलेला. दुसऱ्या खिशात बिडी आणि काडेपेटी, बिडी काढताना किल्ली पडायची. धोतराच्या सोग्यात बांधावी तर सुटायची. मग त्यानं विचार केला. एवढी खटपट कशासाठी केली? वस्तू हरवू नये म्हणून. हरवू नये अशी सगळ्यात पक्की जागा आपल्याकडं कुठली? त्यानं किल्ली कुंचीवर अलगद ठेवली आणि झाकण दाबलं. खटका बसला.

"ठिवली का?"

"ठिवली. हलायची न्हाई."

रतनबाई टेकून बसली. राहुरीपर्यंत वाऱ्यावर मजेत गेली.

राहुरीच्या पुढं चहाला थांबले. रतनबाई म्हणाली, "पेटीत कडंला मी दशम्या ठिवल्यात. काढा की."

मिस्तरी पेटीपाशी गेला. किल्लीच्या भोकाकडं बघितलं. हात खिशात घातला, तो फाटक्या खिशातून मांडीवर आला. भोकाकडं परत बघितलं. आणि तिथं, हॉटेलच्या बाकड्यांसमोर, माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुलूप म्हणजे काय ते समजलं.

"काढताय ना?"

"आता बांधलेलं कशाला सोडायचं," मिस्तरी म्हणाला. "गोंडं मोडत्याल."

रतनबाईला बरं वाटलं. नवऱ्याला गोंड्यांची काळजी आहे, हे तिला नवीन होतं.

त्यापुढं मिस्तरी फार हळू गेला. बैलगाड्या पुढं गेल्या. लोणी आली, खडी आली, ती आता दबली होती. गाठोडं पडलं होतं ती जागा आली तेव्हा रतनबाई मागं वळून पेटी थोपटून म्हणाली, "आता म्हना, वाटंत पडलं." मिस्तरीनं गाडी आणखी हळू केली.

मळ्यात बाया जमल्या होत्या. पाळणा बांधला होता. रिवाजाप्रमाणं बाळाआधी वरवंटा नटवून पाळण्यात घालायचा, त्याला कुंची घालायची, मग बाळ. वरवंटा हळदकुंकू लावून तयार होता, उघडाच. कुंची आजोळहून यायची होती.

गोजरबाई बाहेर आल्या. "आलात? आलं का सगळं नीट?"

"कुलपात आलंय," रतनबाई म्हणाली. हे वाक्य तिनं राहुरीपासून घोळवलं होतं.

"कुलपात?" बाया बाहेर आल्या. कुलपात आणलंय म्हणजे साधंसुधं नसणार. कुणी म्हणालं, चांदीचा पाळणा असंल. पेटीभोवती ही गर्दी झाली. चांगुणा दारात बाळ घेऊन उभी राहिली आणि बापाचं तोंड बघून एक पाऊल मागं सरली. लेकी बापाला ओळखतात.

"उगडा," रतनबाई म्हणाली.

मिस्तरी उभा.

"अवो, उगडा की. किल्ली कुठं हाय?"

"पेटीत."

रतनबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मोठ्यानं ओरडावं असं ते पाहणं नव्हतं. गोदामाच्या राखणदाराच्या लेकीनं दार नसलेल्या गावात इतकी वर्षं काढली, त्याचा सगळा हिशेब त्या पाहण्यात होता.

गोजरबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे या बारीला पडलं न्हाई. निस्तं मिळायचं न्हाई."

आता हे बोलणं चालू असताना जावई मच्छिंद्र पेटीच्या मागं उभा होता. त्याच्या घराला दार होतं, त्यामुळं त्याचं लक्ष बिजागऱ्यांवर गेलं. "मामा," तो म्हणाला, "ह्यांच्या खिळी तर भायेरच हायत."

मिस्तरी मागं गेला. बघितलं. स्वतःचंच काम. तोंड एकदम मिस्तरीचं झालं. "दाभण आण. अन् ठोकायला कायतरी."

मच्छिंद्रनं पोती शिवायचं दाभण आणलं. ठोकायला काही मिळेना, हातोडी शेजारच्या मळ्यात गेलेली. मिस्तरीची नजर फिरली ती पाळण्यापाशी थांबली.

"त्यो वरवंटा द्या."

"त्याचं नाव ठिवायचंय आधी," गोजरबाई म्हणाल्या.

"कुंची ह्यातच हाय, विहीणबाई. त्येलाच काढू द्या त्येची."

गोजरबाईंनी वरवंटा स्वतः आणून दिला. मिस्तरीनं दाभण खिळीवर धरलं, वरवंट्यानं हळू ठोकलं. एक खीळ निघाली. दुसरी निघाली. झाकण मागून वर उचललं. पुढं कुलूप जसंच्या तसं बसलेलं.

वर कुंची. गोंडा एकही मोडला नव्हता. कुंचीवर किल्ली.

गोजरबाईंनी आत वाकून बघितलं. दुपटी हातात घेतली, गालाला लावली. मग म्हणाल्या, "शिंगनापूरची मानसं कुलपं फोडाया कवा लागली?"

"फोडलं कुठं?" रतनबाई म्हणाली. "बघा की. लागल्यालंच हाय."

गोजरबाईंनी कुलूप ओढून बघितलं. खरंच लागलेलं होतं. त्यांनी कुंची घेतली, वरवंट्याला घातली आणि पाळण्याकडं जाता जाता म्हणाल्या, "या आता आत. उनात का हुभ्या?" त्या दिवसात वाटेचं नाव त्यांनी काढलं नाही. डिंकाचा लाडू खाल्ल्यावर तर कशाचंच काढलं नाही.

परतीला मिस्तरीनं शिवेवर गाडी थांबवली, कबूल केल्याप्रमाणं कुलूप काढायला. हात पुढं केला. "किल्ली दे."

"कशाला?" रतनबाई म्हणाली. "ती मागनं उगडती. उगडी पेटी गावात न्ह्यायला कोन काय म्हनंल?"

मिस्तरीनं विचार केला. खरं होतं. आप्पासाहेबांना काडी तेवढी मागच्या बाजूनं घालून दाखवली की झालं.

"मग किल्ली?"

"ऱ्हाऊ द्या माज्याकडं."

त्यानं मागं वळून पाहिलं. रतनबाईच्या कमरेला, लुगड्याच्या गाठीत, किल्ली खोवलेली होती आणि तिचा हात तिच्यावर होता. मिस्तरीनं गाडीला लाथ मारली.

"कंबर दुखतीय का?" त्यानं विचारलं.

"न्हाई आता," ती म्हणाली.