बंद लॅपटॉपातला कुणाल

"अहो, इकडं या. कान बघा," मंदा म्हणाली.

मी आयलेट ठोकत होतो. आयलेट म्हणजे बॅनरच्या कडेला दोरी ओवायला बसवतात ती पितळी कडी. हातोडी खाली ठेवली आणि बायकोच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो. लॅपटॉपवर कुणालचं तोंड होतं.

"डावा जरा बाहेर होता."

"किती?"

"टोपी अडकायची, एवढा."

तिनं माउसनं कान ओढला. थोडा मागं घेतला. "आता?"

"आता तोच."

"उद्या बेबीला बोलावते दाखवायला." तिनं लॅपटॉप मिटला, मी शटर ओढलं. शिळफाट्यावर तिनं मेथी घेतली आणि जुडीला माती जास्त म्हणून भाजीवालीशी भांडली. दुसऱ्या दिवशी तीच मेथी निवडता निवडता ती बसल्या जागी कलंडली. डॉक्टर म्हणाले हार्ट. पुढं सांगण्यासारखं काही नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. हातानं बोर्ड रंगवायचो. फ्लेक्स आला आणि ब्रश बसला. तेव्हा मंदानं क्लास लावला, कॉम्प्युटर शिकली. डिझाइन तिचं, छपाई मोठ्या मशीनवाल्याकडं, आणि कड्या ठोकणं, बांबू बांधणं, शिडीवर चढणं माझं. अजून लोक मला पेंटरच म्हणतात.

बेबीताई खालापूरकडच्या गावातली. कुणाल तिचा एकुलता एक. कंपनीतून सुटून येताना बाइक घसरली. पोरगा गेला, मोबाइलचा चुरा झाला. गावानं त्याच्या नावानं क्रिकेटचे सामने ठरवले. आमच्याकडं सामने म्हटले की मोठा बॅनर आलाच, आणि बॅनरवर ज्याच्या नावाचे सामने त्याचं तोंड मधोमध. पण फोटो नव्हता. पोरगा सगळ्यांचे फोटो काढायचा, स्वतः कधी उभा राहायचा नाही. आधार कार्डातला होता, त्यात कोणीही चोरच दिसतं. टीमचा एक ग्रुप फोटो होता, त्यात टोपीची सावली अर्ध्या तोंडावर.

मंदानं त्या दोन फोटोंतून तोंड जुळवलं. बेबीताई दुपारी येऊन शेजारी बसायची. नाक बसकं कर, भुवया जाड कर, असं सांगायची आणि मध्येच बाहेर जाऊन तोंड धुवून यायची. शेवटचा हात फिरला तेव्हा ती नव्हती. पुरा झालेला कुणाल मंदानं पाहिला आणि मी. त्यातली मंदा गेली.

तेराव्यानंतर दुकान उघडलं. लॅपटॉपचं बटण दाबलं. काही नाही. चार्जर बदलला. दिवासुद्धा लागेना.

खोपोलीच्या दुकानदारानं तो उघडला, हुंगला आणि म्हणाला, "काका, मदरबोर्ड गेला. नवीन घ्या."

"लॅपटॉप नको मला. आतलं पाहिजे."

"मग सोपं हाय." त्यानं आतून डिस्क काढली. च्युइंगमच्या पट्टीएवढी. सगळ्या फाइली हिच्यातच असतात. ती एका डबीत घालून त्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर निळी पाटी आली. चावी मागत होती. चावी म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ.

तो म्हणाला, हल्लीच्या लॅपटॉपात डिस्कला आपोआप कुलूप असतं. ज्या बोर्डाबरोबर ती नांदली त्याच्याशीच बोलते. दुसऱ्याच्या घरी नेली तर तोंड उघडत नाही. आकडे मंदाच्या अकाउंटमध्ये मिळतील आणि अकाउंट उघडायला तिच्या नंबरवर ओटीपी येईल.

मी मुलाला फोन लावला. विकास शेलूला फ्लॅटमध्ये राहतो.

"आईचं सिम कुठाय?"

"बंद केलं ना बाबा. उगाच रिचार्ज कशाला?"

"मला विचारलंस?"

"तुमी तेव्हा बोलत होता का कोणाशी?"

ते खरं होतं. मी फोन ठेवला आणि मोबाइल कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरची मुलगी चांगली होती, पण नियमाला बांधलेली.

"नंबर ज्यांच्या नावावर हाय त्यांना स्वतः यावं लागेल, काका."

"ती येणार नाय. मला तिच्याकडं जायला अजून वेळ हाय."

मुलीनं कॉम्प्युटरवर नंबर घालून बघितला. मग म्हणाली, तो नंबर आता परत मिळणं कठीण. तो रस्ता तिथं संपला.

सामने जवळ आले. मंडळाचा सेक्रेटरी प्रशांत बेबीताईला घेऊन दुकानात आला. फोन पुढं केला. "पेंटरकाका, टेन्शन सोडा. ग्रुप फोटो एआयला दिला. बघा काय झकास केलाय!"

मी बघितलं. गोरा, सरळ नाकाचा, दात एकसारखे. दोन्ही कान डोक्याला चिकटलेले.

बेबीताईनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "कोण रं हा? सिरियलमधला?"

"काकी, कुणालच हाय. कॉम्प्युटरनं केलाय."

"कॉम्प्युटरनं केला आसंल. मी नाय केला." तिनं फोन त्याच्या हातात कोंबला आणि माझ्याकडं वळली. "पेंटर, मंदानं केलेला माझा पोर दे. नायतर बॅनरवर नुसतं नाव टाक. परका पोर माझ्या पोराच्या नावावर उभा करू नको."

"आणतो," मी म्हणालो. कुठून ते माहीत नव्हतं.

मी दुकानं धुंडाळायला लागलो. सगळे एकच सांगायचे, नवीन घ्या. शेवटी एकानं कर्जतचा पत्ता दिला. म्हणाला, स्टेशनजवळ अस्लमभाई हाय, तो फक्त बोर्ड करतो. मी गेलो. खुर्ची एक, ती त्याचीच. भिंग लावून काम चाललं होतं. मी सगळं सांगितलं.

"ठेवून जा, चाचा. आठवड्यात सांगतो."

"थांबतो."

"बसायला जागा नाय इथं."

"उभा राहतो. जन्म शिडीवर काढलाय."

तो हसला आणि त्यानं हातातलं काम बाजूला सारलं. म्हणाला, "डिस्क त्या बोर्डाशीच बोलते ना? मग बोर्डालाच उठवू. फाइली काढण्यापुरता उठला तरी बास. पण कधी कधी दुरुस्तीनंतर तो पण चावी मागतो. मग मला शिव्या घालू नका."

त्यानं मशीन लावून बघितलं आणि सांगितलं, शॉर्ट आहे. म्हणजे करंट पुढं जाण्याऐवजी मधल्या मध्ये जमिनीत मुरतोय. कुठं ते डोळ्यांना दिसत नव्हतं. त्यानं बोर्डावर स्पिरिट पसरलं आणि बारीक करंट सोडला. जिथं शॉर्ट तिथं गरम होतं, आणि जिथं गरम तिथलं स्पिरिट आधी वाळतं. आम्ही दोघं डोकी जोडून बघत राहिलो. सगळा बोर्ड ओला आणि एका कोपऱ्यात तिळाएवढी जागा कोरडी पडली.

"मिळाला," अस्लमभाई म्हणाला. तो एक कॅपॅसिटर होता. करंटचा चढउतार सांभाळणारा बारीकसा भाग. त्यानं तो तापवून चिमट्यानं उचलला.

"त्याच्यावाचून चालंल?"

"शेजारी हायत ना त्याचे. एक गेला तर बाकीचे ओढतात. किती दिवस, ते विचारू नका."

डिस्क परत घातली, चार्जर लावला. दिवा लागला. पंखा घुरघुरला. आम्ही त्या निळ्या पाटीची वाट बघत होतो. ती आली नाही. मंदाचं नाव आलं आणि खाली पिनचा चौकोन. पिन फक्त आपल्याच बोर्डावर चालतो, म्हणून इतके दिवस त्याचा उपयोग नव्हता. मला तो पाठ होता. तिच्या हातात चहा असला की मलाच दाबायला लावायची.

मी दाबला. उघडलं.

"बंद करू नका आता!" अस्लमभाई ओरडला. मी कशाला करतोय. त्यानं मोठी हार्ड डिस्क जोडली आणि सगळंच्या सगळं कॉपीला लावलं. मी त्याला सांगून एक फाइल आधी उघडून घेतली. नाव होतं 'कुणाल कान'. तो होता. अस्लमभाईनं विचारलं, "मुलगा तुमचा?"

"नाय. काम बायकोचं."

त्यानं मला खुर्ची दिली. स्वतः उभा राहिला.

बॅनर छापून आला तेव्हा मी बेबीताईला दुकानात बोलावलं नाही. मैदानावर दोन बांबू पुरले, ताणून बांधला, मग निरोप पाठवला. ती आली. डोक्यावरचा पदर खाली आला तरी तिचं लक्ष नव्हतं. बराच वेळ बघितलं.

"हसतंय बघ कसं, माझं माकड," ती म्हणाली आणि बांबूला धरून खाली बसली.

सामने झाले. कोण जिंकलं ते मी बघितलं नाही. आता माझ्या फाइली दोन जागी असतात, एक दुकानात, एक घरी. कामासाठी लॅपटॉप ठेवत असाल तर तुम्हीही ठेवा. आणि घरातलं माणूस गेलं तर त्याचं सिम वर्षभर तरी चालू ठेवा. रिचार्जचा हिशेब नंतर करा.

आमच्याकडं सामने संपले की बॅनर ज्याच्या हाती लागेल त्याचा. कोणी पेंढ्यावर टाकतं, कोणी न्हाणीला लावतं. म्हणून फायनलच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळीच शिडी घेऊन मैदानावर गेलो. बेबीताई माझ्या आधी येऊन बॅनरखाली उभी.

"गुंडाळून देतो. कोरड्या जागी ठेव," मी म्हणालो.

"गुंडाळून काय करू? पडवीवरची ताडपत्री फाटलीय. तिथं टाक."

"अगं, त्याच्या तोंडावर ऊनपाऊस?"

"तोंड आत कर ना मग. एवढी अक्कल नाय तुला?"

तिच्या पडवीवर चढलो. जुनी ताडपत्री उतरवली आणि बॅनर पालथा पसरला, पांढरी बाजू वर. खाली येऊन बघितलं. ऊन आरपार येत होतं आणि तोंड स्वच्छ दिसत होतं, पण एक वासा बरोबर डोळ्यांवरून जात होता. परत चढलो. वाशाची दोरी सोडली, तो हातभर सरकवला आणि पक्का बांधला. खालून बेबीताई म्हणाली, "बास. आता राहू दे." मग मी दुकान उघडायला गेलो.