शाळेमागच्या केळीची राखण

तापीकाठच्या आमच्या गावात केळीला तहानलेलं ठेवणं पाप. वाटेने जाणारी बाई घागरीत उरलेलं पाणी दुसऱ्याच्या केळीलाही घालून पुढे जायची. रीत चांगली होती, पण एकोणीसशे नव्वदच्या आसपास विहिरी तळाला गेल्या आणि तीच रीत आडवी आली.

तेव्हा शाळेत शेतीचा तास सुरू झाला होता. मास्तरांनी मुलांकडून शाळेमागे केळीच्या दोन ओळी लावून घेतल्या. एकीला आमच्यासारखं आळं भरून पाणी. दुसरीच्या बुडाशी वाळल्या पाल्याचा जाड थर, आणि पाणी थोडंच. माझी नात सातवीत होती. विहीर आटली तर बाग जाईल आणि बागेमागे आपलं शिकणंही, हे तिला कळत होतं. तिने बापाकडून कबूल करून घेतलं, पाल्याची ओळ जगली तर घरचा पाला जाळायचा नाही आणि मोटर कमी चालवायची.

माझा मुलगा हसला. "मास्तरले पगार भेटस. मले केळीच भेटतीन."

पण बायका येता-जाता पाल्याच्या ओळीलाच पाणी ओतू लागल्या. मग नातीने मला काठी देऊन कुंपणाशी बसवलं. आमचं घर शाळेला लागूनच होतं.

शेजारीण म्हणाली, "अक्का, झाड पान्यावाचून मरी ऱ्हायनं नि तू काठी लिसन बठेल शे!"

"मरू दे. तुना बाप शे का तो?"

तिला हाकललं खरं, पण दुपारी पानं मिटली की माझाच जीव थाऱ्यावर राहत नसे. उठायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. जन्मभर मी केळीला पाणी दिलं होतं आणि आता पाणी अडवत बसले होते. एकदा राहवलं नाही. पाल्याखाली मनगटापर्यंत हात खुपसला. माती गार, ओली. तरी मन मानेना. संध्याकाळी मुलगा जेवायला बोलवायला आला. त्याला म्हटलं, "हात घाल."

त्याने घातला. बराच वेळ काढला नाही. मग हात धोतराला पुसला आणि घरी गेला.

त्या वर्षी आमच्या बांधावर पाला पेटला नाही, घरच्या केळीच्या बुडाशी पसरला. मोटर लवकर बंद व्हायची. आवाज थांबला की काहीतरी बिघडलं असं वाटून मी ओट्यावरून उठायचे.

"पानी पुरनं का वं?" नातीला विचारायचे.

"हात घालीसन देख ना, आजी."

आणि मी बघायला निघायचे, रोज.