कॅफेतला आठ नंबर

आधी माझा गाढवपणा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. एका शनिवारी दुपारी मी माझ्या सायबर कॅफेच्या भिंतीवरचा एक कागद ओढून काढला, चुरगाळला, आणि जिना उतरून चहाच्या गाड्याशेजारच्या कचऱ्यात टाकून आलो. वर रुबाबात बायकोला फोन केला – "आजपासून आपला कॅफे ऑटोमॅटिक!"

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण हसायला. ते पिंपळ, ते पैंजण, घाटात लिफ्ट मागणारी बाई... माझा यातल्या कशावर विश्वास नव्हता. पिंपळावर तर आजही नाही. पण माझ्या अनुभवात पिंपळ नाहीच, एक लोंबकळणारी वायर आहे. त्यामुळे नेमकं कशावर हसायचं, तेच मला कळेनासं झालंय.

साल २००४. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर, पहिल्या मजल्यावर आमचा कॅफे. 'आमचा' म्हणजे माझा आणि शिवाण्णाचा, भागीदारीत. शिवाण्णा कागलचा, घरी पिढीजात दुधाचा धंदा. आठ कॉम्प्युटर आणले तेव्हा त्यानं काय करावं? आठांना घरच्या म्हशींची नावं दिली. चंद्री, मोरी, गंगी... सात नंबरची तुंगी, आणि आठ नंबरची, त्याची स्वतःची, गौरी.

"अरे, गिऱ्हाईक काय म्हणंल?" मी म्हणायचो.

"म्हसरू नावानं हाक मारली की येतंय. नंबरानं कोण येतंय, सांग की!"

सकाळी एकेक मशीन चालू करताना तो खरोखर हाका मारायचा. "बा चंद्री, बा... बा तुंगी, बा बा." 'बा' म्हणजे कानडीत ये. मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

तर तो कागद शिवाण्णानं लाल स्केचपेननं लिहिलेला. आठ नावं, त्यांच्यापुढं आठ नंबर, आणि सगळ्यात खाली इंटरनेट कंपनीचे दोन लांबलचक नंबर, दोनदा अधोरेखित. हे सगळं प्रत्येक मशीनमध्ये हातानं भरावं लागायचं.

आदल्या वर्षी शिवाण्णा गेला. कावीळ. अकरा दिवसांत संपलं सगळं. त्याची गौरी मी त्याच्या आईकडं, अव्वाकडं, कागलला पोचवून आलो. अव्वाला तिचं काय करायचं माहीत नव्हतं, पण तिनं मागितली. इथं आठ नंबरचं टेबल रिकामं राहिलं, वायर तेवढी भिंतीवरून लोंबत होती.

वर्षभरानं मी नवा आठवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. त्याआधी नवा राऊटर आणला. हा स्वतःच मशीनला नंबर वाटतो, हातानं काही भरायचं नाही. शनिवारी सातही मशीनमधले शिवाण्णाचे आकडे पुसले, सगळीकडं 'ऑटोमॅटिक' केलं, आणि तो कागद... ते वर सांगितलंच.

रविवारी सकाळी दुकान उघडलं. सगळ्या मशीनना नंबर मिळालेले. मी खूश. पण एकही साइट उघडेना. राऊटरला विचारलं तर तो ओ देत होता. बाहेरचं कुठलंही नाव टाकलं की 'सापडत नाही'.

मी काय केलं असेल? वायरी बदलल्या. सातही मशीन दोनदा बंद-चालू केली. राऊटरला दोन थपडा दिल्या. तासाभरानं डोक्यात प्रकाश पडला. आपण नाव टाकतो, तेव्हा कंपनीकडचा एक कॉम्प्युटर त्या नावाचा नंबर शोधून देतो, मग पान उघडतं. त्या शोधून देणाऱ्याचा पत्ता राऊटरमध्ये भरायचा असतो. ते दोन रकाने मी कोरे सोडले होते. आणि भरायचे आकडे कुठं होते? दोनदा अधोरेखित, कालच्या कचऱ्यात. खाली पळत गेलो. गाडी केव्हाच कचरा घेऊन गेलेली. इंटरनेटवाल्याला फोन केला. रविवार. रिंग वाजत राहिली.

एवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. अव्वा!

मी विसरलोच होतो. शिवाण्णाची धाकटी बहीण गिरिजा मस्कतला असते. तिला मुलगा झाला होता आणि त्या दिवशी अकरा वाजता त्याचं बारसं होतं. अव्वाकडं पासपोर्ट नाही, गुडघे नाहीत. नातवाचं बारसं तिला दिसणार होतं ते माझ्या कॅफेतल्या कॅमेऱ्यातूनच. त्यासाठी ती नवं इरकल नेसून, कागलहून एसटीनं, डब्यात सुंठवडा घेऊन आली होती.

"दिसती न्हवं पोरगी?" बसता बसता तिनं विचारलं. ती नेहमी सात नंबरवर, तुंगीवर बसायची. शेजारची रिकामी खुर्ची शिवाण्णाची, म्हणून.

"अव्वा, जरा प्रॉब्लेम हाय..."

"कसला?"

काय सांगणार? तुझ्या लेकाच्या हातचा कागद मी कचऱ्यात टाकला, हे सांगू? "लाईनचा," म्हटलं.

"मग कर की नीट! शिवा असता तर आत्तापतुर..." तिनं वाक्य अर्धंच सोडलं. ते पुरं केलं असतं तर बरं झालं असतं.

अकराला पाच कमी. तुंगीवर मेसेंजर फिरत होता, जोडलं जात नव्हतं. मी काउंटरवर जाऊन पुन्हा फोन लावला. मागं अव्वाचा आवाज आला. गोठ्यात मारावी तशी मोठ्यानं हाक – "बा तुंगी, बा! बा बा!"

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. कागदाच्या जागी चिकटपट्टीचे चार डाग होते.

आणि मागून बाळ रडल्याचा आवाज आला. हेडफोनमधून... बारीक, खरखरीत.

वळून बघतो तर पडद्यावर गिरिजा, तिच्या मांडीवर गाठोड्याएवढं पोर, मागं चार बायका. अव्वा पडद्याला बोट लावून बसलेली. बाकीच्या सहा मशीनवर धावत जाऊन बघितलं. 'सापडत नाही'. सहाही.

बारसं संपेपर्यंत मी तुंगीला हात लावला नाही. श्वाससुद्धा जपून घेत होतो. शेवटी अव्वानं हेडफोन काढला.

"काय नाव ठेवलं, अव्वा?"

"इशान म्हणं." तिनं नाक मुरडलं. "हाक मारताना तोंडात बसंना. आमच्या म्हशींची नावं बरी की त्यापरास!" आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला.

तिला एसटीत बसवून आलो आणि तुंगीची माहिती उघडली. कंपनीचे दोन नंबर तिथं होते. बरोबर, जसेच्या तसे. वाटलं, काल या एका मशीनमधले पुसायचे राहिले असतील. पण नाही, मशीनचा नंबर आणि कंपनीचे नंबर, दोन्हींपुढच्या खुणा 'ऑटोमॅटिक'वरच. मग ज्यानं हे नंबर वाटले त्याचा पत्ता बघितला. तिथं राऊटरचा नंबर हवा होता.

तिथं आठ होता. गौरीचा नंबर.

मी आठव्या टेबलाकडं बघितलं. वायरचं टोक हवेत लोंबत होतं.

दोन नंबर कागदावर उतरून घेतले, राऊटरमध्ये भरले, सातही मशीन चालू झाली. सोमवारी सकाळी तुंगीत परत बघितलं, तर वाटणाऱ्याच्या जागी राऊटरचाच नंबर. पुराव्याला काही उरलं नाही. पुण्यातला एक जाणकार मित्र म्हणाला, दुसरं एखादं मशीन चुकून नंबर वाटत असणार. मी सगळ्या वायरी मोजल्या. दुसरं मशीन नव्हतं. पुढच्या रविवारी कागलला जाऊन आलो. गौरी तिथंच होती, वर क्रोशाचा रुमाल, कपाळावर हळदीकुंकू. प्लगची वायर तर घरात कुठं सापडलीच नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. कॅफेही बंद झाला. उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

खरं सांगायचं तर तो कागद मी ऑटोमॅटिकसाठी काढलाच नव्हता. रोज सकाळी कुलूप उघडलं की समोर ते लाल अक्षर दिसायचं, आणि कॅफेत हाका मारणारं कोणी नसायचं. सहन होत नव्हतं. हे मी त्या रविवारी संध्याकाळी बायकोला सांगितलं, बाकीच्या सगळ्या हकिगतीबरोबर. वाटलं, हसेल, नाहीतर डोक्यावरून मीठमोहरी उतरवून टाकेल. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली,

"नवीन कॉम्प्युटरला नऊ नंबर द्या. आठ मोकळा राहू दे. आला कधी, तर बसायला जागा नको का त्याला?"