मोठ्यानं बोलायची सुट्टी

बेकरीवाल्याच्या घराचं दार वाजवायचं नाही, हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. बेलची तार त्याच्या बायकोनं लग्नानंतर पहिल्याच वर्षी काढून ठेवली होती. लोकांना सकाळी ताजा पाव लागतो म्हणून हा माणूस रात्रभर भट्टीपुढे उभा राहायचा, आणि लोक कामाला लागले की घरी येऊन ढाराढूर झोपायचा. मग घर चवड्यांवर चालायला लागायचं. दारांच्या बिजागऱ्यांना तेल, खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे. चहात साखर ढवळताना चमचा कपाला लागू द्यायचा नाही. टीव्ही लागायचा, पण मुका. सामना कोण जिंकलं हे थोरला मुलगा खेळाडूंच्या चेहऱ्यांवरून ओळखायचा. हसू आलंच तर उशीत तोंड खुपसायचं. धाकटी मुलगी तर याच घरात बोलायला शिकलेली. बोलायचं म्हणजे कुजबुजायचं, अशीच तिची समजूत होती.

गंमत म्हणजे बेकरीवाल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. झोपलेल्या माणसाला कसं असणार? आपलं घर मुळातच शांत आहे, असं तो बेकरीत कौतुकानं सांगायचा. दुसऱ्या कारागिरांच्या घरच्या आरडाओरड्याच्या कहाण्या ऐकल्या की त्याची मान ताठ व्हायची.

मग एकदा भट्टीच्या आतल्या विटा ढासळल्या. मालकानं कपाळाला हात लावला, मिस्त्री बोलावला आणि आठवडाभर बेकरी बंद ठेवली. बेकरीवाल्याला इतकी सलग सुट्टी आजवर कधी मिळाली नव्हती. अचानक मिळाल्यामुळे कुठे परगावी जायचं ठरवायलाही वेळ नव्हता. सुट्टी घरीच काढायची होती, आणि पहिल्याच सकाळी घरात दोन पक्ष पडले.

"मी झोपणार," बेकरीवाला म्हणाला. "आठवडाभर. मला जेवायलासुद्धा उठवू नका."

"काय बाबा! आपण सगळे मिळून कधी कुठे गेलोय का?" थोरला म्हणाला. "रोज बाहेर पडायचं. तलाव, बाग, बाजार, सगळं."

बायकोनं दोघांनाही गप्प केलं. "एक दिवस बाहेर, एक दिवस घरी. बाहेरच्या दिवशी कुणी जांभई द्यायची नाही आणि घरच्या दिवशी कुणी चपला शोधायच्या नाहीत. झालं?"

एवढं रणकंदन माजलं, पण सगळं दबक्या आवाजात. बेकरीवाला समोर टक्क जागा बसून चहा पीत होता, तरी तिघंही त्याच्या झोपेची काळजी घेत होती. त्याला तेव्हाही काही खटकलं नाही.

पहिली फेरी तलावावर निघाली. ऊन कोवळं होतं, वारा सुटला होता, आणि होड्यांच्या रांगेत उभं राहायच्या आधी जरा टेकावं म्हणून बेकरीवाला बाकावर बसला. बसला तो गेलाच. मान छातीवर, तोंड उघडं. आता दुसऱ्या कुठल्याही बायकोनं नवऱ्याला गदागदा हलवलं असतं. हिनं पर्स खाली ठेवली आणि बाकाशेजारी पहारा सुरू केला. थोरल्यानं चेंडू खेळणाऱ्या मुलांना पलीकडे पिटाळलं. "चला, होडीत चला!" असं ओरडत येणाऱ्या होडीवाल्यापुढे बायको तोंडावर बोट धरून उभी राहिली. "शू! झोपलेत ते."

"बरं नाहीये का त्यांना?" होडीवाल्यानं घाबरून विचारलं.

"छे हो, सुट्टी आहे."

होडीवाला बिचारा पुढची सगळी गिऱ्हाइकं खुणा करून बोलवत राहिला. होडीत बसणं राहिलं ते राहिलंच.

बेकरीवाल्याला मध्येच जाग आली, पण उठायचा कंटाळा आला म्हणून तो डोळे मिटूनच पडून राहिला. तेवढ्यात बाकामागे धाकटीची कुजबुज त्याच्या कानावर पडली.

"आई, शाळेत नाटकाच्या बाई म्हणाल्या, माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला नाही तर माझं काम दुसऱ्या मुलीला देणार."

"अगं, मग जरा मोठ्यानं बोल की."

"येतच नाही. नदीला पूर येतो, सगळं गाव झोपलेलं असतं, आणि मी राखणदार. मला ओरडायचंय, 'उठा! नदी चढलीय, उठा!' पण तोंड उघडलं की वाटतं, बाबा उठेल."

ज्या घरात कुणाला उठवणं हाच सगळ्यात मोठा गुन्हा, त्या घरातल्या पोरीच्या वाट्याला गाव उठवायचं काम आलं होतं.

मिटल्या डोळ्यांआड बेकरीवाल्याला सगळं लख्ख दिसलं. मोजे घातलेल्या खुर्च्या, मुका टीव्ही, उशीत खुपसलेली तोंडं. ज्या शांततेची फुशारकी तो मारत आला होता, ती शांतता या तिघांनी स्वतःचे गळे आवळून त्याला दिली होती. त्याला पोरीची इतकी दया आली आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की तो ताडकन उठून बसला.

"कधी आहे नाटक?"

"सुट्टीच्या शेवटच्या दिवशी," धाकटी दचकून पुटपुटली.

"मग आजपासून आपल्या घरात कुणी हळू बोलायचं नाही. जो हळू बोलेल त्यानं भांडी घासायची."

बोलायला सोपं होतं. दुसरा दिवस घरचा होता. सकाळी सगळे मोठ्यानं बोलायला बसले आणि कुणालाच काही सुचेना. थोरल्यानं टीव्हीचा आवाज वाढवला आणि स्वतःच दचकून परत कमी केला. बायकोचं बोट सवयीनं ओठांकडे जायचं, मग ते बोट केसांतून फिरवून ती सारवासारव करायची. त्या दिवशी भांडी तिनंच घासली, मात्र चांगली दणादणा आपटून. संध्याकाळपर्यंत घर असं काही दणाणलं की खालच्या मजल्यावरच्या काकू धावत वर आल्या.

"भांडण झालं का हो? मी कुणाला बोलावू?"

"भांडण नाही, सुट्टी आहे!" थोरला आतून ओरडला. काकूंची समजूत पटली नाही, पण तोंड गोड करून त्यांना परत पाठवलं.

धाकटी मात्र अजून अडकलेली होती. सगळ्यांत मिसळून ती ओरडायची. एकटीनं ओरडायची वेळ आली की आवाज घशातच विझायचा.

मग बाहेरच्या दिवशी बेकरीवाल्यानं तलाव आणि बाग दोन्ही रद्द करून सगळ्यांना बेकरीत नेलं. "ही काय फिरायला जायची जागा आहे?" असं थोरला कुरकुरला खरा, पण आत शिरल्यावर गप्प झाला. बापाचं काम त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पाव ठेवायच्या रिकाम्या मांडण्या छतापर्यंत उभ्या होत्या. पत्र्याचे काळेकुट्ट ट्रे एकात एक रचलेले. पीठ मळायचं भलंमोठं यंत्र कोपऱ्यात गप्प बसलेलं, आणि पलीकडे उघड्या पडलेल्या भट्टीत मिस्त्री वाकून विटा बसवत होता.

"हे यंत्र चालू असलं की शेजारचा माणूससुद्धा ऐकू येत नाही," बेकरीवाला म्हणाला. "आणि मी तर तापलेला ट्रे घेऊन मागून येणार. वाटेतल्या माणसाला कळलं नाही तर भाजेल ना तो! म्हणून इथे ओरडावं लागतं. गळ्यातून नाही. गळा बसतो. इथून." त्यानं धाकटीचा हात स्वतःच्या पोटावर ठेवला. "बघ हं."

आणि त्यानं आरोळी ठोकली. "गरम आलंऽऽ!"

ट्रे झणझणले. मिस्त्री थापी टाकून भट्टीतून बाहेर आला. "काय पेटलं? काय पेटलं?"

बायको आ वासून बघत राहिली. इतकी वर्षं संसार केला, पण नवऱ्याला असला आवाज आहे हे तिला आज कळत होतं. "अहो, हा आवाज घरी कुठे असतो?"

"घरी झोपलेला असतो," बेकरीवाला म्हणाला. तो धाकटीकडे वळला. "मी कुणाची झोपमोड करायला ओरडत नाही, बाळा. माणूस भाजू नये म्हणून ओरडतो. तुझा राखणदार कशासाठी ओरडतो?"

धाकटीनं विचार केला. "गाव बुडू नये म्हणून."

"मग?"

तिनं पोटावर हात ठेवला. पहिली आरोळी पहिल्या मांडणीपर्यंत गेली. दुसरी यंत्रापर्यंत. मिस्त्रीनंही थापी बाजूला ठेवून "अजून, अजून!" म्हणायला सुरुवात केली. त्यापुढे सुट्टीची घडी नीट बसली. सकाळी मोकळ्या मैदानात जाऊन ओरडायचं, दुपारी घरी येऊन लोळायचं. आणि लोळणाऱ्यांच्या डोक्याशी खुशाल टीव्ही गर्जायचा. या गोंगाटात आपल्याला जास्तच छान झोप लागते, असा बेकरीवाल्याला शोध लागला. एवढी वर्षं ते मोजे, ते तेल, सगळं फुकट गेलं होतं म्हणायचं!

शेवटच्या तालमीला बाई म्हणाल्या, "सुधारलाय आवाज. पण शेवटची रांग अजून लांब आहे." त्यांनी तोड काढली. एक खणखणीत आवाजाची मुलगी पडद्यामागे उभी राहील आणि धाकटीचा आवाज कमी पडला तर तिच्याऐवजी ओरडेल.

धाकटी घरी आली ती ओठ घट्ट मिटून. "बाबा, तू शेवटच्या रांगेत बस. ऐकू आलं की नाही ते मला तूच खरं सांगशील."

बेकरीवाल्यानं शब्द दिला. सुट्टीत झोपेच्या वेळा उलट्यापालट्या झाल्यापासून संध्याकाळची वेळ त्याच्यासाठी वैऱ्याची, डोळ्यांवर हमखास झापड यायची. म्हणून त्या दिवशी दुपारी तो मुद्दाम लवकर आडवा झाला. पण ज्या दिवशी झोपायचं ठरवलं, नेमकी त्याच दिवशी झोप आली नाही. दुपारभर तो या कुशीवरून त्या कुशीवर झाला आणि मनातल्या मनात "उठा, उठा" घोकत राहिला. सभागृहात शेवटच्या रांगेत तो ताठ बसला. दिवे मंद झाले. पडदा वर गेला, रंगमंचावरचं गाव जेवलं, निजलं. गावाबरोबर बेकरीवालाही निजला.

"उठा! नदी चढलीय, उठाऽऽ!"

बेकरीवाला धडपडत उभा राहिला. गुडघा पुढच्या खुर्चीवर आपटला, पुढच्या माणसाची टोपी खाली पडली. समोर उजेडात कागदी कंदील उंच धरून एक इवलीशी राखणदार उभी होती, आणि तिचा आवाज भिंतींवर आदळून परत येत होता. "उठा! पोरं घ्या, टेकडीवर चला!" तो तसाच उभा राहिला. बायको त्याचा सदरा ओढत होती. ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं.

"बसा हो. कोपरानं ढोसणार होते मी तुम्हाला, पण हातच उठेना बाई. इतक्या वर्षांची सवय! शेवटी तिनंच उठवलं."

नाटक संपल्यावर बाहेर गर्दीतून वाट काढत धाकटी धावत आली. कंदील हातातच होता. "पडद्यामागची मुलगी काही बोललीच नाही, बाबा! ती नुसती बघत राहिली. तुला ऐकू आलं?"

दुसऱ्या कुणी वेळ मारून नेली असती. बेकरीवाल्यानं खरं सांगायचं कबूल केलं होतं.

"मी झोपलो होतो," तो म्हणाला.

धाकटीचा चेहरा पडला. तो खाली वाकला. "गाढ झोपलो होतो, बाळा. शेवटच्या रांगेत. तुझ्या आवाजानं उठलो."

तिला ते समजायला क्षणभर लागलं. समजलं तशी ती जागच्या जागी उडी मारून किंचाळली, आणि आईचं बोट या वेळी ओठांकडे गेलं नाही.

मग बेकरीवाल्याला कोण आवरणार? दारातल्या शिपायाला त्यानं सांगितलं, टोपीवाल्याला सांगितलं, नाटकाला आलेल्या खालच्या काकूंना सांगितलं. नाटकाच्या बाईंनी भुवया उंचावल्या. "तुम्ही नाटकात झोपलात?"

"ढाराढूर!" तो छाती फुगवून म्हणाला.

थोरला मित्रांबरोबर पुढे निघून गेला होता, पार रस्त्याच्या वळणापर्यंत. धाकटीनं पोटावर हात ठेवला आणि हाक मारली. "दादाऽऽ! बाबा झोपला होताऽऽ!" रस्त्यावरच्या एकूण एक माणसानं मागे वळून पाहिलं.