चिंचेच्या पाण्याचं पेटंट

जगात नवं काही नसतं, हे माझ्या मामांइतक्या आनंदाने सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोणावळ्याच्या शाळेत ते रसायनशास्त्र शिकवत. मामींनी दोडक्याच्या शिरांची चटणी केली तरी "हे आधी झालंय" म्हणत आणि कुणी, कुठे केलं ते हात धुवेपर्यंत सांगत. माझ्या पहिल्या कवितेलाही तीच पावती मिळाली. पुढे कितीतरी वर्षं मी कविता केली नाही, हे त्यांचे मराठीवर उपकारच.

वयाच्या साठीच्या सुमारास या माणसाने चक्क पेटंटचा अर्ज केला. साखरेच्या चिक्कीचा पाक दाणेदार होतो आणि चिक्की भुसभुशीत होते. सात वर्षं सगळं घर चिकट करून मामांनी शोधलं, की पाकात किंचित चिंचेचं पाणी घातलं तर तो नितळ राहतो. कचेरीने अर्ज फेटाळला. आम्ल घालायची युक्ती परदेशी पुस्तकात आधीच आहे, म्हणे. मामांनी अपील केलं. पुस्तकातलं आम्ल लिंबाचं, मामांचं चिंचेचं, आणि साखरेशी दोन्ही सारखी वागत नाहीत, हे पटवायला चाळीस पानं लिहिली. वकील म्हणाले, जिंकलोच समजा. मामींनी पेटंटच्या चौकटीसाठी भिंतीत खिळाही ठोकून घेतला.

सुनावणीत प्रयोग दाखवायला जुनी चिंच हवी होती. मी तेव्हा कॉलेजात होते. मामांबरोबर कुसगावला एका ओळखीच्या मावशींकडे गेले. चिंच पाकासाठी हवी, एवढंच मामा बोलले.

"घाला, पर बेतानं. लय झालं की आंबूस लागतं," मावशी म्हणाल्या. "आमच्या सासूबाई लग्नाच्या बुंदीला असंच घालायच्या. समदं गाव घालतं."

मामा ओट्यावर बसले. आता ते त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणतील, असं मला वाटलं. ते म्हणाले नाहीत. सासूबाईंचं नाव तेवढं विचारलं, पण सुनेने ते कसं घ्यायचं म्हणून मावशी लाजल्या. घरी येऊन मामांनी एक्केचाळिसावं पान लिहिलं: कुसगावच्या एका सासूबाईंनी हे माझ्या आधी केलेलं आहे.

वकील चिडले. कुसगावच्या चुली कोण तपासायला जाणार होतं?

"मी गेलो होतो ना," मामा म्हणाले.

अपील हातचं गेलं. खिळ्यावर कॅलेंडर आलं. "हे आधी झालंय" मात्र त्या घरात पुन्हा ऐकू आलं नाही, आणि मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटे. शेवटच्या आजारपणात मी त्यांना माझी दुसरी कविता वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ती पुरती ऐकली.

"नवीन आहे," म्हणाले.

ती नव्हती. आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.